जिलबीचं पीठ आधी, झेंडा मग: जर्मनीतली २६ जानेवारी

कोल्हापुरात २६ जानेवारीला आपल्याला काहीच करावं लागत नाही. झेंडा शाळा लावते, गाणी तालमीचा स्पीकर लावतो आणि जिलबी कोपऱ्याकोपऱ्यावर मांडव टाकून दुसराच कोणी तरी तळत असतो. माळकर तिकटी असो, महाद्वार रोड असो की राजारामपुरीतली एखादी गल्ली, आपलं काम एवढंच: रांगेत उभं राहायचं, अर्धा किलो की एक किलो ते सांगायचं आणि पुड्याला तेल सुटायच्या आत घर गाठायचं. परदेशात शिकायला गेलं की झेंडा, गाणं आणि जिलबी ही तिन्ही खाती आपल्याच गळ्यात येतात.

आम्ही काही जण जर्मनीत शिकून परत आलोय. सप्टेंबर जवळ आला की बॅगा भरणारी पोरं तिकडं २६ जानेवारी कशी करायची हेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून काढलं. पहिली गोष्ट ही की आधी झेंड्याचं ठरवून मग खाण्याकडं वळलात तर फसाल. सगळं वेळापत्रक जिलबीच्या पिठावरून मागं मागं मोजत यायचं. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला तर कुणाचं बिघडत नाही. पीठ मात्र कुणासाठी थांबत नाही.

झेंडा इथूनच न्या. तिकडं ऑनलाइन मिळतात ते पुष्कळदा चुकीच्या मापाचे असतात. कुठं लांबी-रुंदीचं ३:२ प्रमाण चुकलेलं, कुठं चक्राच्या आऱ्या २४ ऐवजी मनाला येतील तेवढ्या, तर कुठं चक्र गडद निळ्याऐवजी काळंच. अधिकृत मापं नऊ आहेत. हॉलसाठी ९०० बाय ६०० मिलिमीटरचा पुरतो, खोलीसाठी ४५० बाय ३०० चा आणि टेबलावर ठेवायला १५० बाय १०० चा. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिस्टरचा आणि यंत्रावर विणलेलाही चालतो, पण आमचं मत खादीला. प्रमाणित खादीचा झेंडा जिथं तयार होतो ते हुबळीजवळचं बेंगेरी कोल्हापूरहून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळं इथं खादीच्या दुकानात विचारलं तर तो मिळणं अवघड नाही. प्लास्टिकचा मात्र कुठल्याच मापात चालत नाही.

दुसरी वस्तू कापडाची. एक वीत बाय एक वीत मांजरपाटाचा तुकडा घ्या, मधोमध तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा आणि शिंप्याकडून त्याला काज करून आणा. काज नसेल तर दहाव्या जिलबीला भोक फाटून मोठं होतं आणि जिलबीची इमरती व्हायला लागते. सॉसच्या बाटलीनं काम भागतं, पण पीठ संपत आलं की ती हवा फुसकारते आणि धार तुटते. कापडात ती भानगड नाही.

बरोबर वेलदोडे आणि केशर न्या. पेढे, तूप, खव्याचं काही नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून टाकतात. तुपाचं तिकडं अडत नाही. बुटरश्माल्त्स नावानं कढवलेलं लोणी कुठल्याही सुपरमार्केटात डब्यातून मिळतं, ते आपल्या तुपाच्या अगदी जवळचं असतं.

आणि निघायच्या आधी अर्धा तास एखाद्या तईपाशी उभे राहून नुसतं बघा. तई म्हणजे ती पसरट, सपाट बुडाची कढई. हलवाई मनगट फिरवत नाही, कोपरापासून हात फिरवतो. मधनं सुरू करून बाहेर दोन-अडीच वेढे आणि शेवटची धार त्या वेढ्यांवरून आडवी नेऊन तिथंच तोडायची. ही आडवी धारच वेढ्यांना धरून ठेवते. ती विसरली की जिलबी उलटताना उसवते आणि तेलात शेवया तरंगायला लागतात.

आता दिवस. २६ जानेवारी जर्मनीत कामाचा दिवस असतो आणि हिवाळी सत्राची परीक्षा तोंडावर आलेली असते, त्यामुळं संध्याकाळीच जमतं. जानेवारीत तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असते. दिल्लीतलं संचलन आपल्याकडं साडेदहाला सुरू झालं की तिकडं सकाळचे सहा वाजलेले असतात, ते ज्यानं त्यानं आपल्या खोलीत पांघरुणातून बघावं. सूर्य पाचच्या आगेमागे मावळतो. पूर्वी झेंडा सूर्यास्ताला उतरवावाच लागायचा, पण जुलै २०२२ च्या दुरुस्तीनंतर नागरिकांनी लावलेला झेंडा रात्रीही ठेवता येतो. तेव्हा साडेपाचचा कार्यक्रम नियमात बसतो.

१५ ऑगस्टचं गणित वेगळं आहे. तो दिवस बव्हेरियाच्या बहुतेक भागात मेरीमातेच्या सणाची सुट्टी असते, म्हणजे म्युनिकमध्ये दुकानं बंद. खरेदी १४ लाच उरकावी लागते. ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्समध्येही त्या दिवशी सुट्टी असते. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा होतो, त्यामुळं लाल किल्ल्यावरचा साडेसातचा झेंडा थेट बघायचा तर पहाटे चारला उठा. आम्ही ते सुचवत नाही.

जागेसाठी वसतिगृहाची सामाईक खोली सगळ्यात सोयीची, कारण स्वयंपाकघर बाजूलाच असतं. विद्यापीठाचा हॉल हवा असेल तर परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाकडं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज द्या. नाताळात सगळं बंद असतं आणि ७ जानेवारीनंतर विचारलेल्या माणसाला हॉल मिळत नाही. वसतिगृहात हाउसमाइस्टरला, म्हणजे इमारतीची देखभाल बघणाऱ्या माणसाला, आधी लेखी कळवा: किती माणसं, किती वाजेपर्यंत आणि तळण आहे. तळणाचं लपवू नका. रात्री दहानंतर शांतता पाळायचीच असते.

वकिलातीचा कार्यक्रम हा दुसरा पर्याय. बर्लिनला दूतावास आहे, फ्रँकफुर्ट, म्युनिक आणि हॅम्बुर्गला महावाणिज्य दूतावास. सकाळी ध्वजवंदन होतं, राष्ट्रपतींचं भाषण वाचून दाखवतात. संकेतस्थळावर सूचना येते, नोंदणी मागितली तर करावी आणि पासपोर्ट बरोबर ठेवावा. त्या दिवशी खिडकीवरचं काम बंद असतं, जाता जाता पासपोर्टचं काम उरकू असा हिशोब करू नका. इटलीत फ्लॉरेन्सला शिकायला निघालेल्या कोल्हापूरकराला मात्र आणखी एक पत्ता देतो: काशीने बागेचं पार टोक. इंग्लंडहून परतताना १८७० साली फ्लॉरेन्समध्ये वारलेल्या आपल्या राजाराम महाराजांचं स्मारक तिथं आहे. दहनही तिथंच, आर्नो नदीच्या संगमावर झालं होतं. शेजारच्या पुलाला लोक 'इंडियानो' म्हणतात. जानेवारीत तिकडं फिरकणारं कुणी नसतं, फुलं घेऊन जा.

आता पीठ. चाळीस माणसांचा हिशोब देतो, माणशी तीन-चार नग धरून दीडशे जिलब्या.

मैदा १ किलो. जर्मनीत पिशवीवर टाइप ४०५ लिहिलेला घ्या. ५५० मध्ये चिकटपणा जास्त असतो, त्याची जिलबी कुरकुरीत न होता रबरी होते. त्यात ५० ग्रॅम बेसन आणि ५० ग्रॅम कॉर्नफ्लोअर. तुर्की दुकानात काबुली चण्याचं पीठ मिळतं, तेही चालून जातं. साधं गोड दही २०० ग्रॅम आणि कोमट पाणी साधारण १ लिटर. पाणी एकदम ओतू नका. आधी पाऊण लिटरात घट्ट फेटून गाठी मोडा आणि उरलेलं चमच्याचमच्यानं घाला. पळीनं उचलून सोडलं की धार न तुटता पडली पाहिजे आणि पडलेली रेघ वर दोन-तीन सेकंद दिसून मग विरली पाहिजे. लगेच विरली तर पातळ, तशीच राहिली तर घट्ट.

इथं सगळ्यांची एक चूक ठरलेली. कोल्हापुरात रात्री भिजवलं की सकाळी पीठ तयार, म्हणून तिकडंही तसंच करतात. आपला हलवाई कालच्या पिठातलं थोडं आजच्यात मिसळत असतो, त्यामुळं आंबवणारे जंतू आधीच तयार असतात, हवाही साथ देते. वसतिगृहाच्या खोलीत वीस अंश, डब्यातलं दही सौम्य आणि जुनं पीठ कुठलं असणार? बारा तासांनी बघितलं तर पीठ होतं तसंच. म्हणून तीस तास धरा: २५ ला सकाळी नऊला भिजवलं की २६ ला दुपारी साडेतीनला तळायला घेता येतं. भांडं बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, आत पंचवीस-अठ्ठावीस अंश सहज होतात. ओव्हनवर 'आत पीठ आहे' अशी मोठी चिठ्ठी चिकटवा. सामाईक स्वयंपाकघर आहे, पिझ्झा भाजायला कुणी तरी येणारच.

दह्यानं आंबटपणा येतो, पण बुडबुडे हवे तेवढे येतात असं नाही. बुडबुड्यांशिवाय जिलबी आतून पोकळ होत नाही आणि पोकळ नसेल तर पाक शिरणार कुठं? म्हणून तळायच्या तासभर आधी सुक्या यीस्टचं सात ग्रॅमचं अर्धं पाकीट चार चमचे कोमट पाण्यात विरघळवून पिठात हलक्या हातानं मिसळा. शुद्ध पद्धतवाले नाक मुरडतील, मुरडू देत. उलट, नुसत्या यीस्टवर तासाभरात केलेली जिलबी फुगते छान, पण तिला ती आंबूस चव नसते. वर्गात दूध न खाणारे असतील तर त्यांच्यासाठी तेवढं वेगळं पीठ दह्याशिवाय नुसत्या यीस्टवर करा आणि ते आधी, बुटरश्माल्त्स न घातलेल्या ताज्या तेलात तळा. ताटलीपाशी 'गहू आहे, दही आहे' अशी चिठ्ठी ठेवायची तिकडं रीत आहे, ती पाळा.

रविवारचं लक्षात असू द्या. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. २०२६ सारखी २६ जानेवारी सोमवारी आली तर दही, मैदा, तेल सगळं शनिवारीच घरात हवं.

पाकाला २ किलो साखर, १ लिटर पाणी. साखर विरघळून उकळी आली की आठ-दहा मिनिटांत एकतारी होतो. थर्मामीटर असेल तर १०४-१०५ अंश. नसेल तर थेंब गार करून अंगठा आणि बोटात धरा, एक तार तुटेपर्यंत ताणली गेली की बंद. दोन चमचे लिंबाचा रस घाला, म्हणजे पाक गार होताना साखर धरत नाही. मग वेलदोडा आणि केशर. पाक कोमट हवा, बोट बुडवून क्षणभर ठेवता येईल इतका. उकळत्या पाकात जिलबी लिबलिबीत होते आणि गार पाक आत शिरतच नाही, वरच्यावर चिकटतो.

तळणीला सूर्यफुलाचं तेल अडीच लिटर आणि त्यात एक डबा बुटरश्माल्त्स. पॅन सपाट बुडाचा, जड, २८ सेंटिमीटरचा, तेल दोन-अडीच सेंटिमीटर खोल. उरलेलं तेल मधूनमधून भर घालायला. खोल कढईत तळू नका. जिलबी आधी बुडाला टेकायला हवी, मग तिचा आकार बसतो.

खरी डोकेदुखी शेगडीची. गॅसवर ज्योत बघून आच कमी-जास्त करतो. तिकडची काचेची विजेची शेगडी आपोआप चालू-बंद होत राहते, त्यामुळं तेल पंचवीस-तीस अंश वर-खाली होतं. इंडक्शनवर तर पॅन जास्त तापला की ती स्वतःहून बंद पडते. बिडाचा जड पॅन असेल तर हे चढउतार निम्म्यावर येतात, म्हणून तो कुणाकडून तरी मागून आणाच. तेल १६० ते १७० अंशांत ठेवा. थर्मामीटर नसेल तर पिठाचा थेंब टाका. तो तळाला जाऊन दोन सेकंदांत वर आला की ठीक. खालीच बसला तर तेल गार आहे, जिलबी पसरून भाकरी होईल. टाकल्या टाकल्या उसळला तर फार तापलंय, वेढे सुटून एकमेकांपासून लांब पळतील आणि रंग येऊनही आत कच्चं राहील.

एका घाण्याला सहा जिलब्या. एका बाजूनं दोन मिनिटं, उलटून दीड मिनिट, निथळून थेट पाकात, तीस सेकंद, बाहेर. दीडशे नगांना पंचवीस घाणे, म्हणजे पावणेदोन तास. तीन माणसं लागतात: एक सोडणारा, एक उलटणारा, एक पाकाजवळ. सोडणारा मध्येच बदलू नका, दोघांचे हात कधी सारखे नसतात. पहिला घाणा बिघडतोच, तो घरच्यांचा.

धुराचं सांगायलाच हवं. बऱ्याच वसतिगृहांत स्वयंपाकघरातलं यंत्र उष्णतेवर वाजतं आणि बाहेरच्या बोळातलं धुरावर. म्हणून खिडकी सताड उघडी आणि बोळाचं दार घट्ट बंद. थंडी वाजते म्हणून लोक नेमकं उलटं करतात. मग धूर बोळात, भोंगा वाजतो, अख्खी इमारत शून्य अंशात बाहेर उभी आणि अग्निशमन दलाच्या फेरीचं बिल कुणाच्या नावानं काढायचं यावर चर्चा. यंत्रावर पिशवी बांधणं हा उपाय नव्हे, तो गुन्ह्यासारखा धरतात. तेलानं पेट घेतलाच तर पाणी टाकायचं नाही. वरून झाकण सरकवायचं आणि शेगडी बंद करायची. झाकण आधीच हाताशी असू द्या. जिलबीबरोबर मिसळही करूया असं कुणी तरी म्हणतंच. तळणाच्या दिवशी कटाला फोडणी घालू नका, एवढंच सांगतो.

झेंडा इस्त्री करून घ्या, खादीला प्रवासात पडलेल्या घड्या जात नाहीत. हॉलमध्ये नुसता भिंतीवर लावणार असाल तर आडवा लावताना केशरी वर. उभा लावायचा झाला तर बघणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी आलं पाहिजे. पाहुणचार म्हणून जर्मन झेंडाही लावलात तर आपला बघणाऱ्याच्या डावीकडं.

फडकवायचाच असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून अडीच मीटरचा गोल लाकडी दांडा, एक छोटी कप्पी आणि सुती दोरी आणा. नायलॉनची नको, तिची गाठ आपोआप सरकते आणि पाहुणे यायच्या आधीच झेंडा उघडतो. २६ जानेवारीला झेंडा वर बांधलेलाच असतो आणि ओढून उघडायचा असतो. १५ ऑगस्टला तो खालून वर चढवतात. म्हणून जानेवारीत सगळा खेळ सुरगाठीचा. झेंड्याची लांबीत चौपदरी घडी घाला, मध्ये मूठभर फुलांच्या पाकळ्या ठेवा (याला ध्वजसंहितेत मुभा आहे) आणि मोकळ्या टोकाकडून दोरीच्या बाजूकडं गुंडाळत या. खालच्या दोरीचे गुंडाळीभोवती दोन वेढे घ्या. तिसरा वेढा पुरा न करता दोरी दुमडून तिचा फास आधीच्या दोन वेढ्यांखाली खोचा. लोंबणारं टोक ओढलं की फास निसटला पाहिजे. टोकच आत खोचलं तर सुरगाठीची निरगाठ होते. प्रमुख पाहुणे ओढत राहतात, दांडा वाकत राहतो आणि शेवटी कुणी तरी खुर्चीवर चढतं. आदल्या रात्री तीनदा ओढून बघा. गुंडाळी झाल्यावर केशरी बाजू दिसत नाही, म्हणून तिकडच्या दोरीला आधीच धागा बांधून ठेवा. ओढायच्या दोरीला वेगळ्या रंगाची पट्टी चिकटवा. बाहेर उघड्यावर करणार असाल तर दोरी कोरडी ठेवा, भिजलेली दोरी रात्रीत गोठते आणि गाठ लाकडासारखी होते.

राष्ट्रगीत रेकॉर्डवर लावू नका, म्हणा. पूर्ण गीताला ५२ सेकंद लागतात. घोळ होतो तो सुरुवातीच्या सुराचा. उत्साहात कुणी तरी वरच्या पट्टीत 'जन गण मन' उचलतं आणि शेवटी पहिल्या 'जय हे'ला सूर सगळ्यात वर जातो तिथं निम्मा हॉल गप्प होतो. मोबाइलवर पेटीचं ॲप असतं, त्यावर पांढरी एक धरून सुरू करा. मुलांना आणि मुलींना, दोघांनाही झेपते. जर्मन मित्रमैत्रिणींना आधी एवढंच सांगून ठेवा की उभं राहायचं आणि संपल्यावर लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत.

त्यानंतर भाषण एकच, पाच मिनिटांचं. जिलबी दोन-अडीच तासच कुरकुरीत राहते आणि पहिल्या घाण्याचं घड्याळ साडेतीनलाच सुरू झालेलं असतं.

आवरताना झेंड्याची घडी अशी: तो आडवा धरून केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याखाली दुमडायचा. मग दोन्ही टोकं मध्ये आणायची, की वर चक्र आणि केशरी-हिरव्याच्या कडा एवढंच दिसतं. झेंडा फाटला असेल तर कचऱ्यात टाकायचा नाही, खासगीत, मान राखून, शक्यतो जाळून नष्ट करायचा. वसतिगृहात जाळायची सोय नसते, तेव्हा परत येताना कोल्हापूरला घेऊन या. तळणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबते. गार करून बाटलीत भरा, झाकण लावा आणि सुक्या-ओल्या कुठल्याच वर्गात न बसणाऱ्या कचऱ्याच्या डब्यात टाका. पाक उरला तर गाळून बाटलीत भरा, महिनाभर चहाला साखर विकत घ्यावी लागत नाही. आणि उरलेलं पीठ दुसऱ्या दिवसापर्यंत फारच आंबतं, त्याची जिलबी होत नाही. त्यात मीठ, कांदा आणि घरून आणलेली कांदा-लसूण चटणी कालवून त्याच बिडाच्या पॅनवर घावन घाला.